गाडीतली चौथी असामी

इरी, पेनसिल्व्हेनिया
बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५, सकाळ

प्रिय थेरेसताई,

तुला, युसेबिओ भाऊजींना आणि शनिवारच्या नवरीला आम्हा सगळ्यांचा नमस्कार. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र हातात पडलं. मी खुशाल आहे, नवरोबा वेंडल खुशाल आहे आणि ओडेट पंधरा वर्षांची आहे, म्हणजे तिला खुशाली विचारायची सोय नाही. माझ्यासाठी चरबीऐवजी तेल घालून मक्याच्या पिठाचे वेगळे तमाले करणार आहेस आणि ते ओळखू यावेत म्हणून निळ्या दोऱ्याने बांधणार आहेस, हे वाचून मला भरून आलं. अगं, घरात लेकीचं लग्न, दोनशे पानं उठायची, आणि बहीण दूध-तूप-मध-मांस खात नाही हे तू लक्षात ठेवतेस! मी वाटीभर राजमा खाऊनही नाचले असते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते आमच्यानंतर पोहोचेल. शुक्रवारी ओडेट तुझ्या हातात देईल. समोर आले की तू मला बोलू देणार नाहीस आणि मी रडायला लागेन, म्हणून वाटेतच लिहून ठेवते. शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती या खेपेला आवर.

धावण्याचं विचारलं होतंस. चालू आहे. हिवाळाभर बुटांना खिळे लावून बर्फावरून पळाले. शरद ऋतूत आपल्या डोंगरांतली ती लांब पल्ल्याची शर्यत पुरी केली. शेवटून तिसरी आले. ओडेट हे सगळ्यांना सांगत सुटते, पण माझ्यामागे दोघं होते हे सांगत नाही. आज इथे तळ्याच्या काठाने पळून आले. आपल्याकडे तळं म्हणजे पलीकडचा काठ दिसणारच. इथे पलीकडे काही नाही. गोठलेलं पांढरं पाणी आणि त्याच्यावर तसंच पांढरं आभाळ. मी पळायची थांबले आणि नुसती बघत उभी राहिले. इतकी मोठी गोष्ट आपल्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर होती आणि मी पंचेचाळीस वर्षांची झाल्यावर बघतेय, याची मला लाजच वाटली.

आता एक गोष्ट. तू तीन अंथरुणं घालते म्हणालीस. गाडीत आम्ही चौघं आहोत.

चौथं कोण हे मला सांगता येत नाही, कारण आपल्या पत्रांना एक अट आहे आणि ती तूच घातलेली आहेस. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, "मला सगळं लिहीत जा, पण त्या माणसाबद्दल एक शब्द लिहायचा नाही. लिहिलास तर पुढचं पत्र मी उघडणार नाही." पंचवीस वर्षं मी ती अट पाळली. आजही पाळते. म्हणून एवढंच लिहिते, की गाडीत एक चौथी असामी आहे. ती मागे ओडेटशेजारी बसते. तिचे गुडघे माझ्या पाठीत रुततात. ती खिडकीची काच खाली करते आणि थंडी वाजते म्हणून वेंडलवर डाफरते. काल तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती म्हणाली, "केवढं सपाट शेत! आणि एक झाड ठेवलं नाही मूर्खांनी?" ओडेट म्हणाली, "अहो, ते तळं आहे." त्यावर असामीने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तळं संपेपर्यंत ती पुन्हा डोक्यावर घातली नाही.

ताई, कागद मिटू नकोस. मी अट मोडलेली नाही.


सेंट लुइसच्या अलीकडे
गुरुवार, सकाळ

काल दिवसभर सपाट जमीन. आपण दोघी टेकड्यांच्या कुशीत वाढलो. आपल्या अंगणातून जेवढं आभाळ दिसायचं तेवढंच असतं, असं मी धरून चालले होते. इथे ते चारही बाजूंनी जमिनीला टेकतं. सकाळी धावायला निघाले तर समोर पाण्याची टाकी दिसत होती. म्हटलं, टाकीपर्यंत जाऊन वळू. पळतेय, पळतेय, टाकी जवळच येईना! शेवटी मीच हसत मागे फिरले.

खाण्याचे हाल ऐक. रात्री एका खाणावळीत शेंगांची भाजी मागवली. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "यात काय काय आहे?"

"शेंगा."

"आणखी?"

"थोडं बेकन."

"मग ते मांस झालं ना."

"नाही गं बाळा, बेकन म्हणजे काही मांस नाही, चवीपुरतं असतं ते!"

चौथी असामी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग त्या बाईंना म्हणाली, "हिला बाहेरच्या हिरवळीवर सोडा, बिल निम्मं होईल." बाई हसल्या, वेंडल हसला, माझी लेकसुद्धा हसली. मी उकडलेले बटाटे खाल्ले. त्या असामीचे टोमणे काही नवे नाहीत. मी दूध सोडलं त्या वर्षापासून दर नाताळला ती मला विचारते, "गाईने तुझं काय घोडं मारलं?"

पण मला सांगायचंय ते आज सकाळचं.

न्याहारीला मी पाण्यातली ओट्सची लापशी मागितली. माझी पाकाची बरणी मी बरोबरच ठेवते. आपल्या गुऱ्हाळातला मेपलचा पाक. मी तो शर्यतीतही कमरेला बांधून पळते, दमले की घोटभर घेते. तो लापशीवर ओतताना वेंडल म्हणाला, "चला, जगात एक तरी वस्तू आहे, जिच्यात कुणी लोणी घातलेलं नाही."

चौथी असामी खुदकन हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. काहिलीतला फेस कशाने बसतो, आठवतं ना?"

ताई, माझा चमचा तिथेच थांबला. तुला आठवतंय? रस उकळायला लागला की फेस वर चढायचा आणि बघता बघता उतू जायचा. आपल्या लहानपणी काहिलीवर दोरीला खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगलेला असायचा. फेस त्याला जाऊन टेकला की खाली बसायचा. पुढे चरबी गेली आणि लोणी आलं. करंगळीच्या पेराएवढं टाकलं की फेस गपकन खाली. मी स्वतः टाकलंय. तू पण टाकलंयस. दुकानातल्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचणारी मी, पण घरच्या बरणीबद्दल माझ्या मनात एकदाही आलं नाही! पाक झाडातून येतो, संपलं. झाड आणि बरणी यांच्यामध्ये काहील असते, हे गुऱ्हाळात वाढलेली मी पार विसरून गेले. नऊ वर्षं मी लोकांना उपदेश केले आणि रोज सकाळी लोणी खाल्लं, असं मला वाटलं.

त्या असामीने मला तशीच बसू दिली. आपली अंडी संपवली. पावाच्या तुकड्याने बशी पुसून काढली. मग म्हणाली, "खा. तुझ्यात नाही."

"म्हणजे?"

"हिरव्या झाकणाच्या बरण्यांत लोणी नसतं."

मला दरसाल हिरव्या झाकणाच्या बरण्या मिळतात. लाल झाकणं संपली असतील म्हणून हिरवी लावत असतील, असं मी समजत होते.

"मग फेस कशाने बसवता?"

"फांदीने. स्प्रूसच्या झाडाची ओली फांदी घ्यायची आणि फेस चढला की वरून फिरवायची. माझे आजोबा तसंच करायचे."

वेंडल आपल्या गुऱ्हाळात राबलेला आहे. तो म्हणाला, "पण मग काहिलीसमोरून हलताच येणार नाही."

"नाही येत."

"आणि जेवायचं कधी?"

"आधी जेवायचं."

ओडेटने विचारलं, "तेलाचा थेंब टाकला असता तर?"

"पहिल्या वर्षी टाकला होता. वास राहिला. हिला पळताना मळमळलं असतं."

मी विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

त्यावर त्या असामीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "सांगायचं काय त्यात? तू दूध खात नाहीस ना?"

मी उठून बाहेर गेले. लोकांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून खाणावळीला वळसे घालत पळत राहिले. काचेतून लोक बघत होते. बघू देत. ज्या माणसाने नऊ वर्षं मला चिडवलं, त्याच माणसाने नऊ वर्षं दर मोसमात माझ्या बरण्यांसाठी वेगळी काहील लावली आणि ती उतरेपर्यंत उभ्याने फांदी धरून ठेवली. हे मला कधी कळलंही नसतं. मी त्या माणसाला ओळखते असं मला वाटायचं. आपल्या घरातच एवढं काही चाललेलं असतं आणि आपण ते न बघता त्याच्यावरून चालत जातो! मला अजून हे झेपलेलं नाही.

तू माझे तमाले निळ्या दोऱ्याने बांधणार आहेस. ही रीत तुझ्यात कुणाकडून आली ते मी लिहीत नाही. अट आहे.


ॲमरिलो, टेक्सास
शुक्रवार, सकाळ

बाबा.

लिहिला शब्द. आज मी अट मोडतेय. तुला राग आला तर येऊ दे, पण पुढचं वाच आणि मग राग.

आधी हे सांगते, की मी त्यांची वकिली करत नाही. तुझ्या लग्नाला मी एकटी बसने आले होते, वीस वर्षांची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मला सगळं आठवतं. चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायच्या आत लग्न उरकायचं म्हणून तुम्ही मार्चचा पहिला शनिवार धरला होता आणि नेमका त्याच आठवड्यात आपल्याकडे पहिला रस सुटला. तू फोनवर विनवलंस आणि बाबा म्हणाले, "रस थांबत नाही, थेरेस." एवढंच. मग रात्रीच्या जेवणानंतर तुम्ही दोघं आशीर्वादासाठी गुडघे टेकून बसलात. भाऊजींच्या बाजूला आई, वडील, दोन आज्या, आजोबा, मावश्या. तुझ्या बाजूला उसने बूट घातलेली मी. गिटारवाला एकेका वडीलधाऱ्याचं नाव घेऊन कडवं म्हणत होता. वधूच्या वडिलांचं कडवं आलं तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं आणि ते गिळून पुढचं सुरू केलं. तू मान वर केली नाहीस. मी त्या रात्री तुझा हात धरला होता, तो थंडगार होता. तुझी अट मला कधीच अवाजवी वाटली नाही.

आता हे ऐक. जानेवारीत तुझ्या लेकीने त्यांना फोन केला. लिओनोरवर चिडू नकोस, चिडायचंच असेल तर लग्न झाल्यावर चीड. तिने त्यांना सांगितलं, "मी गुडघे टेकीन तेव्हा आईच्या बाजूला जागा रिकामी नको. आजोबा, तुम्ही या." बाबा म्हणाले, "बघतो." आणि फोन ठेवला. हे मला तिने सांगितलं, त्यांनी नाही. भाऊजींनाही माहीत आहे. ते म्हणाले, "बायकोला तुम्हीच सांगा, मला अजून या घरात राहायचंय."

पुढे कितीतरी दिवस बाबा काही बोलले नाहीत. फेब्रुवारी निम्मा सरला, दुपारचं ऊन लागायला लागलं. झाडांना भोकं पाडून नळ्या बसवायची वेळ आली म्हणून वेंडल मदतीला गेला, तर बादल्या पालथ्या घातलेल्या, काहील कोरडी. समोरच्या टेकडीवर लोकांच्या गुऱ्हाळांतून वाफ निघायला लागली तरी आपलं धुराडं थंडच. मला वाटलं, आजारी आहेत. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आले. टोपी हातात.

"गाडीत जागा आहे का?"

मी ओट्यावर पीठ मळत होते. हात तसेच राहिले. "आहे," म्हटलं. "पण रस?"

"यंदा झाडांना भोकंच पाडली नाहीत."

"अहो, शेजाऱ्यांना सांगितलं असतं. त्यांनी बादल्या रिकाम्या केल्या असत्या."

"नळ्या ठोकून गेलो असतो तर झाडं तिकडे ठिबकत बसली असती आणि माझं डोकं त्या बादल्यांत राहिलं असतं. मला डोकं बरोबर घेऊन जायचंय."

ताई, बाबा पोरगे होते तेव्हापासून एकही मोसम चुकलेला नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा दफनानंतर चौथ्या दिवशी काहील पेटली होती. आणि यंदा ती झाडं कोरी उभी आहेत. मी निघायच्या सकाळी मुद्दाम वर जाऊन आले. गोठलेल्या बर्फात सगळं रान उभं, एका झाडाला बादली नाही, कुठे ठिबकण्याचा आवाज नाही. आपण दोघींनी ते रान मार्चच्या तोंडावर इतकं शांत कधी ऐकलेलं नाही. मी तिथे पावलं न वाजवता चालले. कुणाला जागं करायला भीती वाटावी तसं झालं होतं.

आज सकाळचं सांगते आणि मग निघायला हवं. इथल्या लॉजच्या बाई म्हणाल्या, की शेतांच्या रस्त्यावर मोकाट कुत्री असतात. बाबांनी वेंडलकडून गाडीच्या किल्ल्या घेतल्या. "तू पळ. मी मागे आहे." मी सांगून बघितलं, की मी इतकी वर्षं पळतेय, कुत्री मला नवी नाहीत. ते गाडीत जाऊन बसले होते. मग काय, पुढे मी आणि मागे गोगलगायीच्या चालीने आमची गाडी. मधेच चुकून भोंगा वाजवत होते. एका ट्रकवाल्याने खिडकीतून विचारलं, की बाई, हा म्हातारा त्रास देतोय का? मी म्हटलं, "जन्मापासून!"

उजाडलं आणि लांबून खडखड असा आवाज यायला लागला. आधी वाटलं, गाडीचंच काहीतरी बिघडलं. मग वर बघितलं. करकोचे, ताई. इतके की मला ते एका नजरेत मावेनात. एक रांग डोक्यावरून जायची तोवर मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, सगळ्या आकाशभर, आणि प्रत्येक जण ओरडत. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागे गाडीचं दार वाजलं. बाबा येऊन शेजारी उभे राहिले. टोपी पुन्हा हातात.

"कुठे निघालेत?"

"उत्तरेला."

"या थंडीत?"

"त्यांना कळत असणार केव्हा निघायचं ते."

आवाज पार विरेपर्यंत आम्ही उभे होतो. मग ते म्हणाले, "तू अशी पळतेस होय. मी कधी बघितलंच नव्हतं." मी म्हटलं, "मी रोज तुमच्या कुंपणावरून जाते." म्हणाले, "मान खाली असते ना माझी."

परत गाडीकडे जाताना, मी काहीही विचारलेलं नसताना, ते बोलले. "त्या वर्षी रस चांगला होता."

मी त्यांच्या चालीने चालत राहिले.

"मी गेलो असतो तर पहिला रस वाया गेला असता." मग दार उघडून, आत न बसता, पुन्हा: "गेला असता तर गेला असता."

माफी हा शब्द त्यांनी काढला नाही. तो त्यांच्या तोंडून येईल याची वाट बघू नकोस, येणार नाही. पण हे वाक्य बोलताना त्यांनी दाराला धरून ठेवलं होतं आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेवढं मी बघितलं आणि तुला जसंच्या तसं सांगतेय. माझं मत त्यात मिसळत नाही. जमतंय तेवढं.


मोरा
शुक्रवार, दुपार

तुझ्या चर्चच्या पलीकडे, कालव्याच्या कडेला गाडी लावून बसलोय. समोर तुझे बर्फाचे डोंगर. आपल्या टेकड्यांना आपण डोंगर म्हणायचो, आता म्हणणार नाही. या उंचीवर मी हौसेने चार पावलं पळाले आणि मटकन बसले. हवा पुरेना. तू इथे पंचवीस वर्षं श्वास घेतेयस, लेकरू वाढवलंस, एवढ्या लांब येऊन इथलीच होऊन गेलीस. मला तुझंही नवल वाटतंय, हे तुला कधी लिहिलं नव्हतं.

बाबांनी सकाळीच सूट चढवलाय. टेक्सासपासून इथपर्यंत गाडीत सूट घालून बसले, पाठीला सुरकुत्या पडतील म्हणून टेकले नाहीत. वेंडल म्हणाला, "अहो, लग्न उद्या आहे."

म्हणाले, "लग्नासाठी नाही घातला."

आणि इथे पोहोचल्यावर गाडीतून उतरायला तयार नाहीत. ओडेटने हात धरून ओढलं. "चला ना आजोबा, नवरीनेच बोलावलंय तुम्हाला."

"नवरीने बोलावलंय. तिच्या आईने नाही. ती बोलावेपर्यंत मी तिच्या अंगणात पाय ठेवणार नाही."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर मी गाडीत बसेन. तुम्ही नाचून या." आणि खरंच, ओडेटकडून त्यांनी एक पुस्तक मागून घेतलंय, उद्या वेळ जावा म्हणून. आयुष्यात पुस्तक हातात न घेतलेला माणूस!

ताई, तू नको म्हणालीस तर मी तुझ्यावर रुसणार नाही. उद्या नटून येईन, निळ्या दोऱ्याचे तमाले खाईन, भाऊजींच्या काकांबरोबर नाचेन आणि मधून मधून गाडीकडे जाऊन त्यांना ताट नेऊन देईन. दुखावलं गेलं ते तुला. दार उघडायचं की नाही, हे मी कोण सांगणार? तुला न विचारता त्यांना इथवर आणलं, त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

पण चार दिवस मी डोळे फाडून बघतेय. तळं बघितलं, आभाळ बघितलं, ते करकोचे बघितले, आणि आता हे तुझे डोंगर. आणि तरी मी सारखी मान वळवून मागच्या सीटकडे बघते. मला तेच जास्त नवलाचं वाटतं. तू गेलीस तेव्हा घरी मी मागे राहिले आणि मला वाटत आलं, की त्या माणसाच्या आत जे काही असेल ते मी बघून संपवलंय. नव्हतं संपलं. आणखी किती आहे कुणास ठाऊक. तूही एकदा बघावंस, एवढंच माझं मागणं आहे.

पत्र संपवतेय म्हटल्यावर ते मागून म्हणाले, "दे इकडे." आता मी सही करते आणि कागद त्यांच्याकडे देते. काय लिहितील ते मी वाचणार नाही. ओडेट तशीच घडी करून तुझ्याकडे घेऊन येईल. आम्ही इथेच आहोत, कालव्यापाशी, घाई नाही.

तू ज्या बाजूला असशील त्याच बाजूला उद्या उभी राहणारी,
तुझी
जोसेट


थेरेस,

उद्या मी कुठे उभं राहायचं ते तू सांग. चर्चच्या बाहेर म्हणालीस तरी उभा राहीन.

बाबा